छत्रीवाल्याच्या पुढून गेलेली बाई

भूमच्या एसटी स्टँडसमोरच्या चौकात वर मान करून बघितलं तर जी माणसं दात काढून आपल्याकडं बघत असतात, ती सगळी बजरंगच्या हाताखालून गेलेली. कुणी भावी सरपंच, कुणी युवा नेतृत्व, कुणाच्या पोरीचा पहिला वाढदिवस, तर कुणाच्या बापाला भावपूर्ण श्रद्धांजली. फ्लेक्स छापायचं दुकान बजरंगचं. दात पिवळे असले तर पांढरे करून द्यायचे, टकलावर गिऱ्हाईक म्हणेल तेवढे केस उगवायचे, शेजारी उभा असलेला पण आता पार्टी बदललेला चुलत भाऊ काढून टाकायचा, ही त्याची रोजची कामं. एका बटणात माणूस नाहीसा. तो जिथं उभा होता तिथं आभाळ भरून टाकलं की झालं. आभाळ थोडंच तक्रार करायला येतं.

वय सेहेचाळीस. लग्न झालेलं नाही. सुरुवातीला तो स्थळं बघायला जायचा, मग स्थळंच त्याला बघून जायला लागली, आणि पुढं पुढं मध्यस्थानं फोन उचलायचं बंद केलं. दुकानामागच्या खोलीत एक खाट, एक शेगडी, आणि भिंतीवर बिनकामाची कॅलेंडरं. सोनारी हे त्याचं गाव. तिथं दोन खोल्यांचं घर होतं. आई होती तोवर दर शनिवारी दुकान लवकर बंद करून तो तिकडं जायचा. दोन वर्षांपूर्वी आई गेली, घराला कुलूप लागलं, आणि शनिवार नुसताच शनिवार उरला.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो कसा, हे बजरंगकडं बघून कळावं. अख्ख्या तालुक्याचे फोटो ज्याच्या कॉम्प्युटरात, त्याच्याकडं आईचा एक धड फोटो नव्हता. त्यानं मोबाइल वर केला की ती म्हणायची, ‘थांब, हात भरल्यात माझं. धुऊन येते.’ मग हात धुवायला गेली की तिकडं तिला शेळी दिसायची, शेळीमागं रिकामी बादली दिसायची, आणि बाई काही परत यायची नाही. असं वर्षानुवर्षं चाललं. शेवटी उरला तो आधार कार्डावरचा फोटो, ज्यात जगातलं कुठलंच माणूस स्वतःसारखं दिसत नाही. ती गेल्यावर बजरंगनं तोच मोठा करायला घेतला. चेहरा वाढवत नेला तसे नुसते चौकोन दिसायला लागले, काळे आणि करडे. त्यानं कॉम्प्युटर बंद केला. गावोगावच्या आईबापांना चौकात चढवणाऱ्याच्या आईचा फ्लेक्स काही लागला नाही. गाव बोलायचं ते बोललं. त्याचं बजरंगला फार वाटलं नाही. वाईट याचं वाटायचं, की आता आईचा चेहरा आठवायला गेलं तर ते चौकोनच आठवायचे.

तर अशा बजरंगच्या दुकानात चैत्राच्या तोंडावर सोनारीचे हिंमतराव येऊन बसले. हिंमतराव म्हणजे सोनारीतलं वजनदार माणूस. ऊस, ट्रॅक्टर, आणि यंदा ग्रामपंचायतीला उभं राहायची हौस. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी मोबाइल पुढं केला.

“बग बजरंग. आमचा पणजा.”

हे सोनारीचं नवं खूळ बजरंगच्या कानावर आलेलं होतंच. शंभरेक वर्षांपूर्वी कुणी मोठा गोरा साहेब हैदराबादहून फिरत फिरत सोनारीच्या काळभैरवाच्या जत्रेला आला होता. त्याच्याबरोबर फिल्म काढायचं यंत्र होतं. ती फिल्म इतकी वर्षं परदेशात कुठल्याशा पेटीत पडून होती. आता कुणीतरी ती इंटरनेटवर टाकली आणि ती फिरत फिरत गावाच्या ग्रुपवर आली. आवाज नसलेली, पावसासारख्या रेघा पडणारी, उगंच भराभरा चालणारी फिल्म. गाव सोनारीच, यात शंका नव्हती. देवळाच्या कमानीवर माकडं बसलेली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर आजच्यासारखाच तोरा होता. सुरुवातीच्या पाटीवर साहेबाचं नाव होतं, त्याच्या कुत्र्याचंसुद्धा होतं. बाकीच्यांना मिळून एकच शब्द होता, ‘गावकरी’.

आता गावकरी म्हटल्यावर गावानं हक्क सांगायला सुरुवात केली. रथाचा दोर धरलेला धिप्पाड गडी एकानं घेतला. घोड्याचा लगाम धरलेला दोघांनी घेतला आणि त्यावरून त्यांच्यात बोलणं बंद झालं. साहेबाच्या डोक्यावर छत्री धरून उभा असलेला माणूस मात्र हिंमतरावांनी पहिल्याच दिवशी घेतला होता, आणि त्यांच्याशी कोण भांडणार?

“वीस बाय दहाचा फ्लेक्स पायजे. जत्रंत कमानीपशी लावायचा. साहेब आन आमचा पणजा. वर काळभैरव, खाली माजा फोटो. आन ही बाई काढ.”

छत्रीवाल्याच्या पुढून एक बाई चाललेली होती. डोक्यावर शेणाची पाटी, एक हात पाटीला, दुसरा मोकळा.

“दादा, ती नसंल आसा दुसरा फोटो बगू की त्याच फिल्ममधला.”

“बग. न्हायच घावला तर काढ. आट दिसावर जत्रा हाय.”

हिंमतराव गेल्यावर बजरंगनं फिल्म एकेक चित्र करून पुढं सरकवली. गंमत अशी होती की छत्रीवाल्याचं तोंड इतर वेळी छत्रीतच असायचं. साहेब माकडाला फुटाणे घालायला वाकतो तेवढ्यापुरती छत्री कलते आणि तोंड दिसतं. नेमकी तेव्हाच ही बाई पुढून जाते. साहेब सरळ होईपर्यंत पुढंच असते. तिचं येणं आणि हिंमतरावांच्या पणज्याचं दिसणं एकाच वेळचं, त्याला इलाज नव्हता.

मग त्यानं बटण दाबलं. बाई गेली. तिच्या जागी धूळ, दोन धोंडे आणि कमानीचा तुकडा आपोआप भरून आला. काम झकास झालं होतं, शोधूनही जोड सापडला नसता. बजरंग त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिला. दुकानात पंखा फिरत होता, बाहेर परांड्याच्या गाडीचा वाहक ओरडत होता. त्याला एकदम फार एकटं वाटलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं केलेलं काम उलटं फिरवलं आणि बाई परत आली.

तिला तो नीट बघायला लागला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की सगळ्या फिल्ममध्ये साहेबाकडं न बघणारी ती एकटीच आहे. रथ ओढणारे बघतात, घोडेवाला बघतो, विहिरीवर घागर भरणाऱ्या बाया पदराआडून बघतात, वस्तरा लावलेला न्हावी आणि अर्धी दाढी झालेलं त्याचं गिऱ्हाईकसुद्धा बघतं. साहेबाकडं नाहीतर यंत्राकडं. ही आपली पाटी घेऊन निघालेली. गर्दी आडवी येते म्हणून क्षणभर थांबते, चित्राच्या बाहेर कुणालातरी काहीतरी बोलते, मोकळा हात वर करून दाखवते, हसते, आणि निघून जाते. वर केलेल्या हाताचा पंजा शेणानं भरलेला होता.

हात भरल्यात माझं. बजरंगनं चित्र तिथंच थांबवलं.

त्याला काही ती आईसारखी दिसली नाही, उगाच खोटं कशाला बोलायचं. ही काटक आणि उंच, आई बुटकी आणि अंगानं भरलेली. पण तो हात वर करण्याचा प्रकार, ‘आत्ता नको, माझी कामं पडल्यात’ असा, तो त्याच्या ओळखीचा होता. हे बघणाऱ्याला पटवून देता येत नाही. ज्याचं त्यालाच कळतं.

त्या दिवसापासून संध्याकाळी भाकरी खायला बसला की तो मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा आणि फिल्म लावायचा. साहेब यायचा, कुत्रं यायचं, माकडं यायची. ती यायच्या वेळेला त्याचा घास हातात थांबायचा. “चाललीस व्हय?” असं तो म्हणायचा. ती हात दाखवून हसायची आणि निघून जायची. मग तो पुन्हा पहिल्यापासून लावायचा. दोन वर्षं तो नुसता जेवत होता. आता जेवायला कुणीतरी होतं, घडीभर का होईना. शहाण्या माणसानं याला वेडेपणा म्हणावं. म्हणो बापडा.

जत्रा चार दिवसांवर आली आणि हिंमतरावांचा फोन आला. बजरंगनं सांगून टाकलं, “दादा, ती बाई काढवत न्हाय. कुणाची तरी असंल की. तुमी काढली आन उद्या कुणी म्हनलं आमची पणजी पुसली, तर जत्रंत वांदं व्हतील.”

निवडणुकीच्या माणसाला वांदं हा शब्द बरोबर कळतो. हिंमतराव म्हणाले, “बरं. कुणाची हाय ती म्हाईत करून घे. कुणी म्हनलं आमची, तर ऱ्हाऊ दे. न्हायतर काढ.”

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर ओढून बजरंग सोनारीला गेला आणि मोबाइल घेऊन दारोदार फिरला. छत्रीवाला सगळ्यांना ओळखू येत होता, घोडेवाला येत होता. बाई कुणालाच ओळखू येईना. शेणाची पाटी बघितली की माणसं मोबाइल परत द्यायची. एकजण म्हणाला, “आमच्यात बाया भाईर पडत नव्हत्या.” दुसरा म्हणाला, “आमच्याकडं गडीमान्सं व्हती शेणाला.” बजरंगच्या मनात आलं, इतकी सगळी घरं अशी खानदानी, मग शंभर वर्षं या गावातलं शेण काढलं कुणी? मोबाइल खिशात टाकून तो पुढच्या दारी गेला.

भीमनगरात नानासाहेब होते, निवृत्त मास्तर. त्यांनी चष्मा पुसून फिल्म दोनदा बघितली आणि मोबाइल हळूच परत दिला.

“आमची नसंल बजरंग. त्या दिसात आमची मान्सं इतक्या जवळ कुठं यायची? लांब उभी असायची. ह्या फिल्मच्या भाईर.” मग ते जरा हसले. “ती भाईर कुणाकडं तरी बगून हसलीय, न्हाय का? कोण सांगावं, आमच्यापैकीच कुणी आसंल तिथं.”

त्यांनी दिलेला चहा बजरंगनं घेतला आणि तो उठला.

ऊन कलल्यावर तो आपल्या कुलूप लावलेल्या घराच्या ओट्यावर येऊन बसला. ओट्यावर माकडांनी चिंचेच्या शेंगा खाऊन घाण केली होती. आई असती तर काठी घेऊन धावली असती आणि धावता धावता माकडांच्या सात पिढ्या काढल्या असत्या. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला घंटा वाजली, आणि बजरंगला आठवलं, हे हेळव्याचे दिवस.

हेळवी म्हणजे घरोघरच्या वंशावळी तोंडपाठ ठेवणारा माणूस. सुगी आटोपली की कर्नाटकातून येतो, दारात उभा राहून घराण्याची नावं म्हणतो, त्या वर्षी कुणाला मुलगा झाला असेल तर ते नाव घालून घेतो, धान्य आणि जुनं कापड घेऊन पुढच्या दारी जातो. सोनारीचा हेळवी बंडप्पा. त्याचा बाप बैलावर बसून यायचा. बंडप्पा आता म्हातारा झाला, आणि भाच्याच्या मोटारसायकलवर मागं बसून येतो. घंटा मात्र बापाचीच.

“हाय का धनी? बरं झालं घावलात,” म्हणत बंडप्पा ओट्यावर टेकला. बजरंगनं शेजारून पाणी आणून दिलं आणि मोबाइल पुढं केला.

“काका, ही बगा. कुणाची असंल?”

बंडप्पानं फिल्म डोळ्यांपाशी नेऊन बघितली. मान हलवली. “बाया आमी धरत न्हाय, धनी. पोरी सासरला जात्यात, सुना नाव बदलून येत्यात. त्यास्नी कुठं बांधायचं? माज्याकडं बापाचा ल्योक, ल्योकाचा ल्योक.”

“मग वर कुठंतरी घालता येत न्हाय?”

“वरचं माज्या बापजाद्यानं बांधलंय. त्येला हात लावला तर म्या हेळवी कसला? भर घालायची ती खालीच.”

मग रिवाजाप्रमाणं तो उभा राहिला, घंटा वाजवली आणि बजरंगचं घराणं म्हणायला लागला. प्रत्येक नावाला घरच्या माणसानं ‘व्हय’ म्हणायचं असतं.

“मल्हारीचा गोविंदा.”

“व्हय.”

“गोविंदाचा यशवंता.”

“व्हय.”

“यशवंताचा तुकाराम.”

“व्हय.”

“तुकारामाचा बजरंग.” बंडप्पा थांबला. “यंदा काय भर?”

“काय न्हाय.”

मागं तो यावर ‘देव देईल’ म्हणायचा. यंदा म्हणाला नाही. घंटा खाली ठेवून त्यानं नुसती पिशवी उघडली, आणि ते न म्हणणंच बजरंगला जास्त लागलं. इतकी वर्षं दरसाल आपलं नाव आलं की घंटा थांबते. आपण मेल्यावरही ती तिथंच थांबणार. त्या बाईला वर जागा नव्हती आणि त्याला खाली.

तो तिरमिरीत उठला आणि थेट देवळापुढच्या पारावर गेला. तिथं जत्रा कमिटी बसलेली होती, मध्यभागी हिंमतराव.

“दादा, ती बाई घावली. माजी पणजी हाय.”

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. हिंमतराव गालात हसले. “आतापतूर कशी आठवली न्हाय रं? बाप दाखव न्हायतर श्राद्ध कर, तसं हाय हे. पुरावा काय?”

पुरावा काय असणार? बजरंगला खोटं बोलायची सवय नव्हती असं नाही, टकलावर केस उगवणं म्हणजे तरी काय? पण ते बटणानं. तोंडानं बोलायला वेगळं काळीज लागतं. त्याला वाटलं, आता हे हसणार, आपल्याला उठवून लावणार, आणि मग रात्री ते बटण दाबावंच लागणार.

“हेळवी आलाय की गावात,” कमिटीतला एकजण म्हणाला. “बंडप्पा, या हिकडं. तुमीच सांगा. ही बजरंगची पणजी व्हय का न्हाय?”

घंटा सांभाळत बंडप्पा पाराशी आला होता. सगळं गाव त्याच्या शब्दावर चालतं. सोयरिकी, भावकीचे मान, सारं. आजवर त्यानं नाव खोटं घेतल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. बजरंगनं मान खाली घातली.

बंडप्पानं घसा साफ केला. “धनी, बाया आमी धरत न्हाय. म्हनून ‘व्हय’ म्हनायचा मला हक न्हाय. पर ‘न्हाय’ म्हनायचाबी न्हाय.” मग तो हिंमतरावांकडं वळला आणि अगदी साधेपणानं, खरोखर विचारावं तसं विचारलं, “आता तुमचीच गोष्ट घ्या. छत्रीवाला तुमचा पणजा. त्याची बायकू कोण? नाव काय तिचं?”

हिंमतराव शेजारच्याकडं बघायला लागले, शेजारचा त्याच्या शेजारच्याकडं. पारावर एवढी माणसं होती, घोडेवाल्याचे वारस होते, रथवाल्याचे होते, पण पणजीचं नाव एकालाही सांगता येईना. कमानीवरची माकडं तेवढी खाली बघत होती.

“ठेव बाबा,” हिंमतराव शेवटी म्हणाले. “ऱ्हाऊ दे तिला. पर नाव टाक खाली. बिननावाची नगं. तुला तरी म्हाईत हाय का तुज्या पणजीचं नाव?”

बजरंगनं क्षणभरही विचार केला नाही.

“धुरपदाबाई.”

म्हटल्यावर त्याचं त्यालाच उमगलं. हे तर आईचं नाव. आता कुणीतरी म्हणणार, अरे, ही तर तुझी आई, पणजी कुठली? तो वाट बघत राहिला. कुणी काही बोललं नाही. एकानं तर ‘झकास नाव हाय’ अशी मान डोलावली. पन्नास वर्षं ती या गावात राहिली, यांच्या लग्नात भाकऱ्या थापायला गेली, यांच्या बाळंतिणींच्या उशाला बसली. सगळ्यांना ती ‘बजरंगची आय’ म्हणून ठाऊक होती, आणि त्याच्या आधी ‘तुकारामची बायकू’. तिला नाव होतं हेच कुणाला माहीत नव्हतं. खोटं पचलं याचा आनंद व्हायला पाहिजे होता. बजरंगला रडू आलं, आणि ते दाबायला तो वाकून चपलेचा अंगठा नीट करत बसला.

जत्रेच्या दिवशी कमानीशेजारी वीस बाय दहाचा फ्लेक्स लागला. वर काळभैरव, खाली हात जोडलेले हिंमतराव, मध्ये वाकलेला साहेब, छत्रीवाला पणजा, आणि त्या दोघांच्या पुढं, सगळ्यांपेक्षा मोठी, शेणाची पाटी घेतलेली बाई. फोटोच तसा होता, त्याला कुणी काय करणार. साहेबाखाली साहेबाचं नाव होतं आणि तिच्याखाली अक्षरं होती, ‘धुरपदाबाई’. तिच्या वर केलेल्या हाताचं बोटन्‌बोट बजरंगनं दोन रात्री खपून स्पष्ट काढलं होतं. पंज्यावरचं शेण मात्र तसंच ठेवलं होतं.

तो दिवसभर तिथंच समोर रसवंतीच्या बाकावर बसून राहिला. लोक येत होते, मोबाइल वर करून फोटो घेत होते, गुलाल उडत होता. दुपारी कुणीएक परगावची बाई पोरीला कडेवर घेऊन फ्लेक्सपुढं थांबली आणि बोट दाखवून वाचायला लागली. साहेबाचं नाव तिला नीट जमलं नाही, ते तिनं सोडून दिलं. “धुर-प-दा-बाई,” तिनं पोरीला म्हणून दाखवलं. पोरगीही काहीतरी तसंच बोलली. कितीतरी वर्षांत ते नाव बजरंगनं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. तो उठून त्या बाईशी बोलायला म्हणून गेला, पण काय बोलायचं ते ठरेपर्यंत ती गर्दीत गेली.

जत्रा संपली. हिंमतरावांनी फ्लेक्स उतरवून कडब्याच्या गंजीवर झाकायला नेला, फ्लेक्सचा शेवट तोच असतो. बजरंग भूमला परत आला. पुन्हा भावी सरपंच, पुन्हा पहिला वाढदिवस. संध्याकाळी तांब्याला मोबाइल टेकवून तो भाकरी खायला बसायचा. ती यायची, हात दाखवायची, जायची. आता तिला ‘चाललीस व्हय’ म्हणताना त्याला जरा अवघडल्यासारखं व्हायचं. तिचं नाव आपण तिला न विचारता ठेवलं, आणि आईचं तिला न विचारता दिलं. दोघीही हात धुवायला गेलेल्या. विचारायचं कुणाला?

अशाच एका संध्याकाळी तो भाकरी कुस्करत असताना शटरपाशी घंटा वाजली. बंडप्पा गावाकडं परत निघाला होता. भाचा बाहेर मोटारसायकल चालू ठेवूनच थांबला होता.

“जेवा, जेवा धनी. उठू नगा,” तो म्हणाला. “सोनारीत तुमचं म्हननं आर्दं ऱ्हायलं व्हतं. ते पुरं करतो आन जातो.”

“आर्दं कुठं? सगळं तर म्हनलं तुमी.”

फ्लेक्सच्या गुंडाळ्यांमध्ये जेमतेम जागा होती, तिथं बंडप्पा ताठ उभा राहिला आणि सुरुवात केली. मल्हारीचा गोविंदा, गोविंदाचा यशवंता, यशवंताचा तुकाराम. बजरंग घासाघासाला ‘व्हय’ म्हणत गेला. तुकारामाचा बजरंग. इथं घंटा थांबायची. बजरंग त्या थांबण्याची वाट बघत होता.

घंटा थांबली नाही.

“बजरंगाची धुरपदाबाई,” बंडप्पा म्हणाला, आणि मग थांबला.

बजरंगनं भाकरी खाली ठेवली. “काका, ती तर वरची हाय. पणजी.”

“वर हात लावता येत न्हाय, म्या सांगितलंय की तुमास्नी. भर खालीच.”

“आन बाई धरत न्हाय ना तुमी?”

“न्हाय धरत. पर तुमच्या खाली जागा मोकळी हाय. मोकळ्या जागंला हारकत घ्यायला कोन येतंय?” मग म्हाताऱ्यानं आवाज खाली आणला. “आन पणजीचं सांगू नगा मला. दर साली तुमची आय मला भाकरी वाढायची. एकदा म्या इचारलं, आक्का, नाव काय तुमचं? तर लाजली. म्हनली, माजं नाव कशाला पायजे, तुमी कुठं बाया धरता? पर सांगितलं तिनं.”

पारावर बंडप्पाला सगळं ठाऊक होतं तर.

“म्या हाय तवर म्या म्हनन,” बंडप्पा म्हणाला. “माज्यामागं माजा ल्योक म्हनल.”

कुणाच्या दारात म्हणेल, ऐकायला कोण असेल, ‘व्हय’ कोण म्हणेल, हे बजरंगनं विचारलं नाही आणि बंडप्पानंही सांगितलं नाही. दोघांनाही ते माहीत होतं. बाहेर भाच्यानं हॉर्न वाजवला. बंडप्पा मात्र हलला नाही. घंटा हातात धरून तो उभाच होता, आणि बजरंगला कळलं की तो शेवटच्या ‘व्हय’साठी थांबलाय.

“व्हय,” बजरंग म्हणाला.

तांब्याला टेकलेल्या मोबाइलात ती हात वर करून हसली आणि निघून गेली. बंडप्पाला जोंधळे द्यायला म्हणून बजरंग उठला, पण त्याला समोरचं नीट दिसेना.

“थांबा काका,” तो कसाबसा म्हणाला. “हात भरल्यात माझं. धुऊन येतो.”

आणि आत जाऊन, नळ सोडून, तो बराच वेळ तसाच उभा राहिला.